खोडायचं तर सहीनिशी

अधिवेशन सुरू झालं की दिल्लीतल्या मंत्रालयांत संसदेच्या प्रश्नांची धावपळ सुरू होते. सकाळी प्रश्न येतो, दुपारी चार खात्यांना पत्रं जातात, आणि संध्याकाळी 'उत्तर कुठंय?' म्हणून फोन वाजू लागतात. आप्पांच्या धाकट्या भावाची नात याच धावपळीत सापडली होती. वर्षभरापूर्वी परीक्षा देऊन ती एका मंत्रालयात साहाय्यक कक्ष अधिकारी झाली होती. आई-वडील नागपूरला आणि ही गुरुग्राममध्ये आप्पांकडे.

त्या रात्री ती साडेनऊला घरी आली. ताटावर बसली, पण भाकरी तुकडे करून तशीच ठेवली.

"आप्पा, एक विचारू? तक्ता तयार असताना 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर देता येतं का?"

आप्पा निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण प्रश्न ऐकताच सरळ बसले. "देता येतं. ते आश्वासन धरलं जातं, मग आश्वासनांची समिती मागे लागते, मग तुम्ही मुदतवाढ मागता. तोवर प्रश्न विचारणारा निवडणुकीत पडलेला असतो. कशाचा तक्ता?"

प्रश्न साधा होता. तीन वर्षांत खात्यानं कोणकोणत्या कंपन्यांना कंत्राटं दिली, आणि त्यांपैकी कोणाचे संचालक खात्यातल्या वरिष्ठांचे नातलग आहेत. माहिती आलेली होती. तक्त्यात एक ओळ अशी होती की ती वाचून कक्षातले सगळे गप्प झाले. अवर सचिवांनी तिला बाजूला बोलावून तोंडी सांगितलं होतं, तक्ता लावू नकोस.

"तोंडी," आप्पा म्हणाले. "बरं. तू आधी जेव. मी तुला उद्योग भवनातली गोष्ट सांगतो. 1975 चा एप्रिल. आणीबाणी अजून लागायची होती, हे ध्यानात ठेव. लोक म्हणतात, सगळं आणीबाणीत बिघडलं."

आप्पा तेव्हा कनिष्ठ कारकून होते. ज्या गुडगावात आज ते राहतात, तिथं त्या वेळी पालम रस्त्यालगत सुमारे 300 एकर जमिनीवर एक कारखाना उभा राहिला होता. पंतप्रधानांच्या धाकट्या मुलाचा, मारुती लिमिटेड. जमीन हरियाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांच्या कृपेनं मिळालेली. छोट्या मोटारीचं इरादापत्र 1970 मध्ये मिळालं तेव्हा अट होती की मोटार पूर्ण देशी हवी, यंत्रंही परदेशातून आणायची नाहीत. मोटार काही रस्त्यावर येत नव्हती. मात्र यंत्रं आली होती, आणि ती कुठून आली असा प्रश्न लोकसभेत लागला होता.

"आता प्रश्न लागला की कोणीतरी माहिती गोळा करणारच ना? ते काम चौघांवर आलं. अवजड उद्योग खात्यातले एक उपसचिव, तांत्रिक विकास महासंचालनालयातले एक, आणि प्रोजेक्ट्स अँड इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाच्या सरकारी महामंडळातले दोघे. चौघांपैकी कोणी बंडखोर नव्हता. मंत्र्यांना सभागृहात खोटं बोलावं लागू नये, एवढ्यासाठी ते आकडे मागत होते. आणि यंत्रांचे आकडे मागायचे तर मारुतीबद्दलच विचारणार."

"मग?"

"मग चौघांच्या मागे सीबीआय लागली. झडत्या, गुन्हे, सगळं. यंत्र कुठून आलं हे विचारणाऱ्याला आता स्वतःच्या घरात काय कुठून आलं ते सांगत बसावं लागलं. आम्ही कारकून मंडळी जिन्यात भेटलो तरी त्यावर बोलत नव्हतो. मीही नाही."

पुढची हकीकत तिनं कुठेतरी वाचली होती, म्हणून ती मध्येच म्हणाली, "पण इंदिरा गांधींना शिक्षा झाली ना? तिहारला गेल्या त्या!"

आप्पांनी हात वर केला. म्हातारी माणसं गोष्टीला उशीर करतात तसा त्यांनीही केला. आधी पाणी प्यायले.

सरकार बदललं. मे 1977 मध्ये शाह आयोग नेमला गेला. पतियाळा हाउसमध्ये उघड सुनावणी चाले. तिथं उद्योगमंत्री राहिलेले टी. ए. पै यांनी सांगितलं की पंतप्रधान त्या अधिकाऱ्यांवर संतापल्या होत्या, आणि सीबीआयला कामाला लावण्याचा निरोप पै यांच्या देखत पंतप्रधानांचे साहाय्यक आर. के. धवन यांना दिला गेला. म्हणजे इंदिरा गांधींच्याच मंत्रिमंडळातला माणूस बोलला. त्याच साली मधू लिमये यांनी कंवरलाल गुप्तांच्या जोडीनं लोकसभेत हक्कभंगाचा मुद्दा आणला. मुद्दा मार्मिक होता. छळ चार नोकरदारांचा झाला, पण अपमान सभागृहाचा झाला, कारण ते चौघे सभागृहाच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

"लिमये पुण्याचे. गोव्यासाठी तुरुंग भोगलेले, निवडून यायचे मात्र बिहारमधून. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा तुरुंगातून राजीनामा देणारे. पुढे खासदारकीचं पेन्शनही घेतलं नाही. अशा माणसानं हितसंबंधांवर बोट ठेवलं तर ऐकावं लागतं."

हक्कभंग समितीनं इंदिरा गांधी, धवन आणि सीबीआयचे संचालक डी. सेन यांना दोषी धरलं. चिकमगळूरमधून नुकत्याच पुन्हा निवडून आलेल्या इंदिरा गांधींचं सदस्यत्व 19 डिसेंबर 1978 ला रद्द झालं, आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवास. आठवडाभर त्या तिहारमध्ये होत्या.

"म्हणजे रामशास्त्रीच की!" ती म्हणाली.

"थांब. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं आणि पुणं सोडून वाईकडे निघून गेले. दादांच्या गादीवर त्यांना बसायचं नव्हतं. इथं ज्यांनी हात वर केले, त्यांतल्या कित्येकांना या बाईंनीच एकोणीस महिने तुरुंगात ठेवलं होतं. त्या सभागृहाबाहेर राहिल्या तर त्यांचा फायदाच होता. तक्रार त्यांची, न्यायाधीश ते, आणि लाभही त्यांचाच. तुझ्या तक्त्यात असलं काही सापडलं तर तू त्याला काय म्हणशील?"

ती काही बोलली नाही.

"गुन्हा खरा होता, हं. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण निवाडा ज्यांनी केला त्यांचे हात मोकळे नव्हते, आणि लोकांना ते दिसलं. दुसऱ्याच दिवशी पांडे नावाच्या दोघांनी खेळण्यातलं पिस्तूल दाखवून लखनौहून दिल्लीला येणारं विमान वाराणसीला नेलं. मागणी काय, तर इंदिराजींना सोडा. पुढच्या निवडणुकीत दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले! जानेवारी 1980 मध्ये बाई पंतप्रधान म्हणून परत आल्या. आणि मे 1981 मध्ये त्याच लोकसभेनं, म्हणजे आता त्यांच्या बहुमताच्या लोकसभेनं, तो हक्कभंगाचा निर्णय पुसून टाकला. एकदा विरोधकांनी स्वतःच्या खटल्यात निकाल दिला, एकदा त्यांच्या पक्षानं. यंत्रं कुठून आली होती, हे दोन्ही वेळा मागेच पडलं. कारखाना तोवर दिवाळखोरीत निघून सरकारच्या गळ्यात पडला होता."

"मग उपयोग काय झाला सगळ्याचा?"

"शाह आयोगाचा अहवाल आहे. त्यात कोणी कोणाला काय सांगितलं ते साक्षीपुराव्यासकट छापलंय. ते काही बहुमतानं पुसता आलं नाही. आणि ते छापता का आलं? तर त्या चौघांनी काम कागदावर केलं होतं म्हणून. तोंडी विचारलं असतं, तर कसला छळ नि कसला हक्कभंग?"

मग आप्पांनी तिला मंत्र्यांच्या आचारसंहितेबद्दल सांगितलं. 1964 पासून गृह मंत्रालयाची संहिता आहे. मंत्री झाल्यावर धंद्याशी संबंध तोडावेत, घरच्यांनी सरकारला माल पुरवण्याचा व्यवसाय काढू नये, असं बरंच चांगलं त्यात लिहिलंय. केंद्रीय मंत्र्यांनी ती पाळली की नाही हे बघायचं काम पंतप्रधानांचं. "आणि पंतप्रधानांचं कोणी बघायचं, ते संहितेत सापडत नाही. आता लोकपाल आहे म्हणतात, पण पंतप्रधानांच्या बाबतीत त्यालाही भरपूर कुलपं लावलेली आहेत. तेव्हा शेवटी फिरून काम तुझ्यासारखीच्या टेबलावर येतं. पगार किती गं तुझा?"

ती हसली. मग म्हणाली, "मी तक्ता लावला आणि माझ्यामागेही कोणी लागलं तर?"

"लागू शकतं," आप्पा म्हणाले. त्यांनी तिला खोटा धीर दिला नाही. "वर्तमानपत्राला देऊ नकोस, भाषण करू नकोस. मसुद्याला तक्ता जोड आणि फाइल वर पाठव. तक्ता काढायचा अधिकार त्यांना आहे, तो त्यांनी वापरावा. फक्त खोडायचं तर सहीनिशी खोडू दे."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिनं ई-ऑफिसवर फाइल उघडली. टिपणीत दोनच वाक्यं लिहिली: सर्व विभागांकडून माहिती प्राप्त झाली आहे, तक्ता परिशिष्ट म्हणून जोडला आहे. पाठवलं. वीस मिनिटांत अवर सचिवांचं बोलावणं आलं.

"कल बोला था ना, टेबल नहीं लगाना है?"

"जी सर. फाइल आपके पास है. नोट पर लिख दीजिए, मैं हटा दूँगी."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. टिपणीच्या खाली त्यांचं नाव, पद आणि रिकामी चौकट होती. त्यात एक ओळ लिहायची, की वर्षानुवर्षं कोणालाही ती उघडून वाचता येणार. त्यांनी टंकायला सुरुवात केली, चार अक्षरं टंकली, पुसली. मग तिला विचारलं, आकडे दोनदा तपासलेस का? तिनं हो म्हटलं. त्या एका ओळीतला आकडा त्यांनी तिच्याकडून मूळ पत्रावरून पुन्हा ताडून घेतला, आणि काही न लिहिता फाइल संयुक्त सचिवांकडे ढकलली.

संयुक्त सचिवांच्या चौकटीत काय उमटतं, हे बघायला ती संध्याकाळी सातपर्यंत थांबली. फाइल तिथंच होती. तिनं बाहेरून आप्पांना फोन लावला आणि जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं.