पाय रोवण्याआधी

बॅडमिंटनच्या कोर्टवर तुमची पाळी यायला अजून पंधरा मिनिटं आहेत असं समजा. आत कुणाचा तरी डाव रंगलाय. फोन पिशवीत टाका आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसा. बूट अजून पायात घालू नका. ते मांडीवर घ्या, तळवे वर करून. आज मनन करायचं आहे ते या तळव्यांचं.

बूट मांडीवर घ्यायचे म्हटल्यावर मन जरा कचरतं. पायताण मांडीवर घ्यायची आपल्याकडे रीत नाही. त्या कचरण्याकडे नीट बघा. हे बूट फक्त कोर्टवरच वापरले असतील, घरून पिशवीतून आले असतील, तर संकोच आपोआप ओसरेल. ते घालूनच तुम्ही रिक्षातून उतरला असाल, पार्किंगमधली माती तुडवत आला असाल, तर हात आखडेल. जे मांडीवर घ्यावंसं वाटत नाही, तेच थोड्या वेळाने कोर्टवर उमटणार आहे.

दोन-चार श्वास सावकाश घ्या. डोळे मिटा आणि नुसतं ऐका.

जाळीपलीकडून रॅकेटचा फटका ऐकू येईल. त्याच्या आगेमागे बुटांची चीं-चीं. रबर जमिनीला चिकटतं, ताणलं जातं, सुटतं आणि पुन्हा चिकटतं. हे सेकंदात हजारो वेळा घडतं आणि कानाला तो एकच चित्कार वाटतो. मुरलेले खेळाडू त्या आवाजावरून जमीन ओळखतात. चीं-चीं थांबून नुसती घसघस येऊ लागली की समजावं, रबर आणि जमीन यांच्यामध्ये तिसरं काहीतरी आलं आहे. थोडा वेळ फक्त हा फरक ऐका. आत्ता काय ऐकू येतंय?

आता डोळे उघडा. अंगठा तळव्यावरून फिरवा, टाचेपासून चवड्यापर्यंत.

रबर मुळात झाडाचा चीक. कच्चा चीक उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत तडकून जाई. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून तो तापवला, तेव्हा कुठे त्याला ताणून पुन्हा जागेवर येण्याचा पक्का गुण मिळाला. तुमच्या पायाखालची पकड या गुणावर उभी आहे. शाळेत आपण शिकलो की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों याने १६९९ मध्ये मांडलेला हा नियम लाकूड, लोखंड यांना बराचसा लागू पडतो. रबर त्यात बसत नाही. ते मऊ असतं, जमिनीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचांत उतरतं, आणि जितकं जास्त रबर खरोखर टेकेल तितकं घट्ट धरतं. शिवाय दबताना आणि सुटताना थोडी ऊर्जा पिऊन टाकतं. धावता पाय थांबतो तो त्यामुळेही.

‘खरोखर टेकेल’ या अटीपाशी जरा थांबा. बूट जमिनीवर आहे, म्हणजे रबर जमिनीला टेकलंच असं नाही. अंगठ्याकडे बघा. त्यावर करडा थर आला असेल. त्यात रस्त्याची धूळ आहे, मोज्यांचे धागे आहेत, फुलाच्या पिसांचा चुरा आहे, आपल्या सगळ्यांच्या त्वचेचे सूक्ष्म कण आहेत. हे कण मध्ये आले की रबर जमिनीवर न टेकता कणांवर टेकतं, आणि कण सरकतात. भरडलेल्या दाण्यांवर पाय पडावा तसं होतं. बूट महागाचा असो की साधा, धुळीपुढे दोघांची गत एकच.

शेजारी पाण्याची बाटली असेल. नॅपकिनचं एक टोक भिजवा आणि घट्ट पिळून काढा. एकाच बुटाचा तळ पुसा, दुसऱ्याला अजून हात लावू नका. घाई नको. कडा, नक्षीच्या खोबणी, चवड्याखालची गोल जागा, सगळीकडून फडकं फिरवा. आता फडक्यावरचा काळा डाग बघा आणि दोन्ही तळवे शेजारी धरून अंगठ्याने चाचपा. पुसलेलं रबर अंगठ्याला किंचित ओढतं, न पुसलेल्यावरून अंगठा निसटतो. बूट बदलायला हवेत असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या अनेकांचं काम या डागापाशीच संपतं. मग दुसराही पुसा.

फडकं ओलसर हवं, ओलं नको. ओलसर कापड धूळ उचलतं. पाणी जास्त झालं की रबर आणि जमीन यांच्यात त्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि पाय त्यावरून निघून जातो. म्हणून पुसल्यावर तळ क्षणभर हवेवर धरा. तळहात चाटून बुटावर फिरवण्याची सवय पुष्कळांना असते. काम तेच होतं, पण तळाची घाण जिभेपर्यंत पोचते. नॅपकिन बरा.

आता नखाने तळ दाबून बघा. खूण उमटली आणि भरून आली, तर रबरात अजून जीव आहे. नख वरच्या वर घसरलं, पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असला, तर वरचा थर कडक झाला आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता मिळून रबराला हळूहळू कडक करतात. आपण त्याला हातभार लावतो. खेळून झालं की बूट स्कूटरच्या डिक्कीत कोंबतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती डिक्की दिवसभर तापत राहते. धुतले तर कडक उन्हात वाळवतो. कोमट पाणी, थोडासा साबण, जुना टूथब्रश आणि सावलीतला वारा एवढं त्यांना पुरतं. पेट्रोल, थिनर लावू नका. त्याने रबर फुगतं आणि चिकटवलेला तळ सुटू लागतो. कडक झालेला वरचा थर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला तर खालचं ताजं रबर वर येतं. मग भुकटी पुसून टाका. मात्र चवड्याखालची नक्षीच झिजून सपाट झाली असेल, तर त्या बुटांनी आपलं काम केलं. त्यांना सोडून द्या.

नजर बुटावरून जमिनीवर न्या.

या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी बांधले. तेव्हा तो उघड्यावर खेळला जाई. पिसांचं फूल वाऱ्याने भरकटतं, म्हणून पुढे खेळ छपराखाली आला. मोकळी जमीन सुटली आणि पायाखाली आली लाकडी फळी, सिमेंट, फरशी आणि आता पीव्हीसीची मॅट. पॉलिशचं लाकूड धूळ चटकन दाखवतं आणि घामाच्या एका थेंबानेही दगा देतं. मॅट जास्त धरते, पण तिच्या बारीक खाचांत धूळ साचून राहते. कोटा किंवा शहाबादी फरशीवरच्या सभागृहात आखलेलं कोर्ट तर लग्नसराईत अक्षताही सोसतं. प्रकाश पदुकोण बंगळुरूत कॅनरा युनियनच्या लग्नाच्या सभागृहात खेळून मोठे झाले आणि १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकले. जमीन निवडणं दरवेळी आपल्या हाती नसतं. ती ओळखणं मात्र असतं.

पावसाळ्यात हे आणखी जपायला लागतं. दमट हवा थंड फरशीवर दवासारखी बसते, दारातल्या छत्र्या ठिबकतात, कपाळाचा घाम थेट सर्व्हिसच्या रेषेवर पडतो. अशा दिवशी बुटांना दोष देण्याआधी वाकून जमिनीवर तळहात फिरवा. हात कोरडा आला का? त्यावर धूळ आली का? त्या हातावर विश्वास ठेवा.

आता बूट घाला. हेही सावकाश. मोजा ओढून सुरकुती काढा. टाच मागे नीट बसवा आणि नाडी खालच्या भोकापासून वरपर्यंत एकेक ओढत या. पुष्कळदा तळवा जमिनीला धरूनच असतो, पाय बुटाच्या आत सरकतो, आणि आपण म्हणतो बूट घसरला. बूट जमिनीशी आणि पाय बुटाशी, दोन्ही सांधे पक्के हवेत. धावण्याचे बूट घालून आला असाल तर त्यांची उंच, मऊ टाचही जाणवून घ्या. ती सरळ धावण्यासाठी केलेली आहे. आडवं झेपावताना त्याच टाचेवरून घोटा मुरगळतो.

उभे राहा. पावलं खांद्याएवढी फाकवा, गुडघे सैल सोडा. वजन टाचेवर न्या, मग चवड्यावर, मग बाहेरच्या कडेवर, मग आतल्या. पायाखाली जमीन आहे हे फक्त अनुभवा. आपण पुढे जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण जमिनीला मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. तिने धरून ठेवलं नाही तर मांडीतला सगळा जोर वाया जातो. एकेरीत जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत ६.७० मीटर आणि रुंदी ५.१८ मीटर, एवढीच आपली जागा. एवढ्याशा जागेत सुसाट धावायला वाव नसतो. निघणं, थांबणं आणि वळणं यातच डाव जातो. म्हणजे घडीघडीला जमिनीकडे काहीतरी मागायचं असतं.

किती मागतो आपण? एक लंज घ्या, अगदी मंद गतीने. उजवा पाय पुढे, टाच आधी, मग तळवा, मग बोटं. गुडघा आणि बोटं एकाच दिशेला. खेळाच्या वेगात या पावलावर शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास भार येतो. आता पाय जवळ घ्या आणि लंज छोटा करा. फरक जाणवला? पाऊल लांब पडलं की पाय तिरपा होतो आणि जमिनीवरचा आडवा रेटा उभ्या भाराच्या मानाने वाढतो. तो घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेला की बूट सुटतो. पाऊल आखूड ठेवून कंबर खाली नेली तर त्याच बुटात, त्याच जमिनीवर पाय टिकतो. पकडीचा बराच मोठा वाटा आपल्या चालीत आहे. निसरड्या दिवशी एका लांब ढांगेऐवजी दोन छोटी पावलं टाका. शॉटला क्षणभर उशीर होईल, चालेल.

याच उभ्या स्थितीत उलट बाजूही मनात आणा. पाय जमिनीला घट्ट खिळला आहे आणि वरचं धड वळलं आहे. पीळ कुठे जाईल? गुडघ्यात. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाकडी जमिनीपेक्षा जास्त धरणाऱ्या कृत्रिम जमिनीवर स्त्रियांच्या गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध फाटण्याचा धोका अधिक आढळला. थांबण्यापुरतं धरावं आणि वळण्यापुरतं सोडावं, इतकी पकड पुरे. त्याहून जास्त हाव नको. तळव्याला राळ किंवा गोड पेय लावून चिकटपणा आणला तर पहिले काही शॉट छान वाटतं. मग तोच चिकटा कोर्टभरची धूळ गोळा करतो आणि जमिनीवरही उतरतो. तुमच्या नंतर येणाऱ्याचा पाय त्यावर पडणार असतो.

जमिनीवरची धूळ कुण्या एकाची नसते. व्हॉलीबॉलच्या मोठ्या सामन्यांत खेळाडूने जमिनीवर झेप घेतली की घामाचा ओघळ पुसायला मुलं धावत येतात. बास्केटबॉलच्या मैदानाकडेला बूट ठेवण्यासाठी चिकट कागदांची चटई असते. वरचा कागद मळला की तो सोलून टाकतात. आपल्या हॉलमध्ये हे काम पहाटे येणारे एखादे मामा किंवा मावशी एकट्याने करतात. आपण कोर्टवर निःशंक झेपावतो ते त्यांच्या भरवशावर. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? एवढा एकच प्रश्न मनात घेऊन दोन श्वास शांत उभे राहा.

समोरचा डाव संपत आला आहे. आजपुरत्या तीन गोष्टी मनाशी धरा. कोर्टचे बूट वेगळे ठेवा आणि हॉलच्या दारातच घाला. दोन गेमच्या मध्ये घोटभर पाणी प्याल तेव्हा तळवेही पुसा. आणि फरशीला घाम फुटला असेल, पुसूनही ती कोरडी होत नसेल, तर त्या दिवशी खेळू नका. जोडीदार रुसला तरी चालेल. धूळ असेल तर मात्र ओरडून कुणाला बोलावू नका. मॉप कोपऱ्यात आहे. पाळी तुमची आहे, तेव्हा कोर्टवर पहिला हात तुम्हीच फिरवा.