सूर्य, यकृत आणि साठ हजारांची पुडी

'फुल बॉडी चेकअप'ची फाइल घरी आली की हल्ली दोन गोष्टी हमखास निघतात: डी जीवनसत्त्व कमी, आणि सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. दोन्ही एकाच फायलीत, त्यामुळे त्यांची सोयरीक वाचणाराच जुळवून टाकतो. डी कमी म्हणून यकृतात चरबी. तेव्हा डी वाढवा, चरबी उतरेल. केमिस्टकडून साठ हजार युनिटची पुडी येते, रविवारी दुधात ढवळून घेतली की आठवड्याची चिंता मिटली.

नातं आहे, यात वाद नाही. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या रक्तात डी सरासरीनं कमी असतं, हे देशोदेशींच्या पाहण्यांत दिसलं आहे. प्रश्न आहे तो कुणामुळे कोण, हा. उन्हानं कातडीत तयार झालेलं डी तसंच्या तसं कामाला येत नाही. त्यावर पहिला संस्कार यकृत करतं, दुसरा मूत्रपिंड. लॅब मोजते ते यकृतातून बाहेर पडलेलं रूप. शिवाय डी चरबीत विरघळणारं, त्यामुळे अंगावर चरबी जास्त असेल तर ते तिथेच मुरतं आणि रक्तात कमी दिसतं. आणि जो माणूस गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून सोफ्यावर जातो, त्याला ना ऊन लागत ना चालणं घडत. काचेतून आलेल्या उन्हाचा डीसाठी उपयोग जवळपास शून्य. (ज्या कोवळ्या उन्हाची आपण एवढी महती गातो, त्यातही डी घडवणारे किरण फार थोडे, त्याला सूर्य चांगला वर आलेला लागतो.) तेव्हा एकाच बैठ्या दिनक्रमानं दोन्ही रिपोर्ट बिघडवले, अशी शक्यता दांडगी आहे.

खरी कसोटी औषध देऊन पाहण्याची. रोममधल्या संशोधकांनी मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांना २४ आठवडे रोज २००० युनिट डी दिलं, काहींना नुसती बिनऔषधी गोळी, आणि यकृतातली चरबी एमआरआयनं मोजली. २०१६ साली निकाल छापून आला: डीचा आकडा वाढला, चरबी हलली नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४२३ जणांना रोज ४००० युनिट देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल २०१९चा. त्यातही मधुमेह टळल्याचं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणून सगळंच थोतांड, असंही नाही. यकृतात व्रण घडवणाऱ्या पेशींवर डीला प्रतिसाद देणारी यंत्रणा असते, आणि डीसारख्या एका औषधानं उंदरांमध्ये ते व्रण कमी झाल्याचं २०१३ मध्ये दिसलं. पण उंदराचं यकृत आणि आपली रविवारची पुडी यांत अंतर बरंच आहे.

'मी तर सडपातळ, मला कसलं फॅटी लिव्हर?' असं विचारणाऱ्यांसाठी पुण्यातलं एक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं छापला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो. कमरेला लावलेला टेप कमी खोटं बोलतो.

यकृतातली चरबी खात्रीनं उतरवणारा उपाय ठाऊक आहे, पण तो पुडीत मावत नाही. वजन पाच टक्के घटलं तरी चरबी कमी होऊ लागते. सूज ओसरायला साधारण सात ते दहा टक्के घट लागते. ऐंशी किलोच्या माणसाला सुरुवातीला चार किलो. त्यासाठी संध्याकाळचं फरसाण, बाटलीतली थंड पेयं आणि दारू यांच्याकडे बघावं लागतं, रोज घाम येईल इतकं चालावं लागतं. ही यादी दवाखान्यात पाच मिनिटांत समजावणं कठीण. 'आठवड्याला एक' लिहिणं सोपं. आणि खरं सांगायचं तर पेशंटलाही तेच हवं असतं.

डी खरोखर कमी असेल, हाडं दुखत असतील, वय झालं असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर घ्यावं. हाडांसाठी त्याची गरज वादातीत आहे. मात्र किती आठवडे, हे विचारून घ्यावं. आठवड्याची पुडी रोजची समजून महिनोन् महिने घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मूत्रपिंडं बिघडतात. आणि सोनोग्राफीतलं 'ग्रेड वन' होतं तिथेच असतं.