दिसलें तें कळलें काय?

हृदयाच्या धमन्यांचें चित्र समोर असतां ‘नको’ म्हणण्याचें धैर्य कोणास होतें? गेल्या पावसाळ्यांत गिरगांवांतील एका वृद्ध स्नेह्यांच्या बाबतींत मला हा प्रश्न पडला. चाळीचा जिना चढतांना त्यांच्या छातींत कळ येई, बसल्यावर थांबे. वर्षभरांत ती वाढली नव्हती. मनगटाच्या धमनींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन क्ष-किरणांस अडविणारें द्रव्य सोडलें, तों पडद्यावर उमटलेल्या फांद्यांपैकीं एक मध्येंच आवळलेली दिसली. डॉक्टरांनीं बाहेर येऊन विचारलें, “ते टेबलावरच आहेत, स्टेंट बसवूं ना?” मुलानें सहीसाठीं लेखणी उचलली.

या पाहण्याचा इतिहास विलक्षण आहे. १९२९ सालीं वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरांनीं स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून नळी हृदयांत सारली व तसेच चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेवविलें. १९५८ सालीं अमेरिकेंत मेसन सोन्स यांच्या हातून तें द्रव्य चुकून हृदयाच्या धमनींत गेलें. रोगी जगला आणि चुकीची विद्या झाली. १९७७ सालीं झुरिचमध्यें ग्रुंटझिग यांनीं त्याच वाटेनें फुगा नेऊन धमनी रुंदावली. झटका आलेल्या रोग्यास या विद्येनें जीवदान मिळतें. तेथें वाद नाहीं.

वाद आहे तो आमच्या स्नेह्यांसारख्यांचा. प्रमाणांत आपण अग्रपूजेचा मान प्रत्यक्षास देतों; पण पडद्यावर दिसते ती प्रवाहाची केवळ छाया. कळ त्याच आवळण्यामुळें येते, हें ती दाखवीत नाहीं. प्रवाह खरोखर अडतो कीं नाहीं हें सांगते ती दाब मोजणारी तार, आणि तिचें उत्तर चित्र नसून एक आंकडा असतो! धमनींत ध्वनिलहरींचें वा प्रकाशाचें साधन नेऊन स्टेंट नीट बसला कीं नाहीं हें उत्तम कळतें. तो बसवावा कीं नाहीं, हा प्रश्न तसाच उरतो. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २,२८७ रोग्यांच्या अभ्यासांत, स्थिर विकारांत चांगल्या औषधोपचारास स्टेंटची जोड दिल्यानें मृत्यु वा झटके कमी झाले नाहींत. कळ मात्र कांहींशी उणावली.

कित्येक याचें खापर पैशावर फोडतात. २०१७ सालीं सरकारनें औषधलिप्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली तीहि त्याच भावनेनें. माझ्या मतें चित्राचा मोह पैशाहून जबर आहे. त्यास प्रामाणिक डॉक्टर आणि प्रेमळ मुलगा सारखेच वश होतात.

मी म्हटलें, “ते शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारूं.” आंतून प्रश्न आला, “आज न केलें तर?” डॉक्टर भला माणूस, क्षणभर थांबून म्हणाले, “तशी घाई नाहीं.”

औषधें सुरू झालीं. कळ कमी झाली आहे, गेली नाहीं. त्या चित्राची तबकडी कपाटांत आहे. अधूनमधून ते ती मुलाच्या संगणकावर लावून पाहतात, आणि त्या दिवशीं जिना उतरत नाहींत.