सव्वाचारचा गजर

गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा एचएस-सीआरपी ३.८ आला. वय २८, सिगारेट नाही, पोट थोडंसंच. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापला होता, म्हणून लोकलमध्ये उभ्या उभ्या गुगल केलं आणि अंबरनाथ येईपर्यंत घाबरून घेतलं.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. अंगात कुठेही दाह असला की ते वाढतं. बोट कापल्यावर जागा लाल होते, सुजते, ठणकते, हा दाह उपयोगाचा. काम झालं की तो विझतो. दुसरा दाह मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू राहतो. दुखत नाही, दिसत नाही आणि हळूहळू रक्तवाहिन्या खराब करतो. मधुमेह आणि हृदयविकाराशी त्याचं जवळचं नातं आहे. एका लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३ च्या वर गेला तर हृदयाचा धोका जास्त, असं ढोबळ गणित.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, साध्या सर्दीनेही हा आकडा चढतो, तीन आठवड्यांनी परत करा. परत केला, ३.४. मग त्यांनी सांगितलं ते तुम्हाला रील्समुळे पाठच असेल. सात तास झोप. रोज अर्धा तास भरभर चालणं. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं जास्त. वडापाव, बिस्किटं, कोल्ड्रिंक कमी. तंबाखू नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा, कारण हिरड्यांची सूजही रक्तात दाह वाढवते. (हे मला नवीन होतं.) हळदीच्या दुधाचं विचारलं तर म्हणाले, आवडत असेल तर प्या. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं पोहोचतच नाही.

आता बदलापूरचं गणित सांगतो. इथून सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. मी दादरला उतरतो. घर ते ऑफिस, सगळं धरून येऊन-जाऊन चार तास. घरातून पावणेसातला निघायचं, रात्री पावणेनऊला परत. या दिवसात सात तास झोप, अर्धा तास चालणं आणि ताजा डबा बसवायचा.

मी ते बसवलं. साडेदहाला फोन बंद. दादरहून प्रभादेवीला शेअर टॅक्सी सोडून चालत. डब्यात पोळी-बटाट्याऐवजी ज्वारीची भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर. सहा महिन्यांनी सीआरपी १.४ आला. मी स्टोरी टाकली. खाली लिहिलं, 'शिस्त'. एकशेबारा लोकांनी पाहिली.

त्यानंतर आठवड्याभरात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा. साडेचार वाजले होते. आई खाली बसून मेथी निवडत होती, बाजूला गाजरं किसून ठेवलेली. म्हणाली, "झोप रे, तुला सात तास सांगितलेत ना."

पूर्वी ती पाचला उठायची. पोळी-भाजीला तेवढं पुरायचं. माझा रिपोर्ट आल्यापासून तिने गजर सव्वाचारवर आणला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. झोपायची अकरानंतरच, कारण मी जेवल्यावर ओटा आवरायचा असतो. म्हणजे पाच तास आणि वर थोडी मिनिटं. दाह वाढवणाऱ्या गोष्टींत अपुरी झोपही धरली जाते. माझा आकडा खाली आला होता तो तिच्या झोपेतून. तिचा आकडा किती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी काढलाच नव्हता.

"आई बारीक आहे, तिला काय होतंय," असं आम्ही म्हणत आलो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो यावर पुरेसा आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात काय साठलंय ते डोळ्यांना कळत नाही.

माझ्या 'शिस्त' या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. चांगल्या सवयी मनाच्या निर्धारातून येतात असं आपण धरून चालतो. म्हणून ज्याचा रिपोर्ट चांगला तो गुणी आणि ज्याचा वाईट तो आळशी. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं की डबलडेकर बसच्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. कंडक्टर दिवसभर जिने चढायचे, ड्रायव्हर बसलेले असायचे. (ड्रायव्हर नोकरीला लागतानाच जाड होते, हेही मॉरिस यांनीच पुढे त्यांच्या गणवेशाच्या पँटींची मापं तपासून सांगितलं. असा प्रामाणिकपणा रील्समध्ये सापडत नाही.) त्या कंडक्टरांनी व्यायामाचा निर्धार केला नव्हता. जिना कामातच होता. पुढे मायकल मार्मट यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही त्यातला काही भागच उलगडला.

म्हणून सवयी सोडायच्या का? नाही. गाड्या वाढतील, ऑफिसं बदलापूरला येतील, तोवर शरीर थांबत नाही. पण सवय वेळेची बनलेली असते आणि माझ्याकडे वेळ नव्हता. मग तो कुणाच्या वाट्यातून आला? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. हा आकडा मी आधीही वाचला होता. तेव्हा तो इतरांच्या घरातला वाटला होता.

मी जाहीर केलं, उद्यापासून डबा मी करणार. वाटलं, आई खूश होईल. ती दुखावली. "माझ्या डब्यात काय कमी पडलं?" दोन दिवस बोलली नाही. घेणाऱ्याला अपराधी वाटलं म्हणून त्याने घेणंच बंद करायचं, यातही स्वार्थ आहे, हे मला तेव्हा कळलं. देणं हा तिचा मान होता आणि तो मी विचारल्याशिवाय काढून घेत होतो.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला चारला उठायला आवडतं. चार ते पाच मला कुणी हाक मारत नाही. चहा घेते, रेडिओ हळू लावते."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी तिची झोप मोजत बसलो होतो. तिला दिवसातला एक तास स्वतःचा हवा होता आणि तो मिळवायला झोप मोडण्यावाचून दुसरी जागा घरात शिल्लक नव्हती.

सध्या असं चाललंय. भाज्या रात्री मी निवडतो, कडधान्यं भिजत घालतो, ओटा आणि भांडी माझ्याकडे. बुधवार-शुक्रवारचा डबा मी करतो. भाकरी अजून फाटते. आई कधी पाचला उठते, कधी जुन्या सवयीने सव्वाचारलाच. तिची रक्ततपासणी करून घेतली. आकडा तिने मला इथे लिहू दिला नाही.

जेवणानंतर ती रेडिओ घेऊन गॅलरीत बसते. परवा मी भांडी घासत होतो, तेवढ्यात बाबांनी हॉलमधून हाक मारली, "अगं, पाणी आण गं." आई उठायला लागली. मी म्हणालो, "बाबा, माठ तुमच्यापासून चार पावलांवर आहे."

बराच वेळ हॉलमधून काहीच आवाज आला नाही.