पाण्याचा रकाना ठेव

कान्हूर मेसाई, ता. शिरूर

चि. गौरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

बाळा, तिकडे जर्मनीत तू गाड्यांच्या इंधनावरच पुढचं शिकणार आहेस, असं आक्का फोनवर म्हणाली. फार आनंद झाला. थंडीत वेळेवर जेवत जा. आजीचा गुडघा बराय, काठी टेकत मेसाईच्या देवळापर्यंत जाते आणि तुझं नाव काढते.

पोरी, तू दौंडच्या बागायतीत वाढलीस. भीमेचं पाणी, दाराशी आडसाली ऊस, जवळच पाटसचा कारखाना. उसाच्या बिलावरच दाजींनी तुला शिकवलं, तेव्हा उसाला मी नावं ठेवणार नाही. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती साखर विकायच्या आधी पैसा येऊ लागला, हेही चांगलंच झालं. २०१४ साली पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. तेवढं तेल परदेशातून आणायचं वाचलं. जुनी मोटारसायकल आता ॲव्हरेज देत नाही म्हणून दाजी कुरकुरतात. पण इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा ऊर्जाच एक तृतीयांशाने कमी, थोडा फरक पडायचाच.

मला काळजी आहे ती पाण्याची. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातलाच आकडा. आमच्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर आला की सगळी वाडी हंडे घेऊन धावते. त्या अख्ख्या टँकरचं इथेनॉल होईल साडेतीन लिटर! लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा मामी आंघोळीला अर्धीच बादली द्यायची आणि तू रुसून बसायचीस. शेजारचाच तालुका, पण तुमच्याकडे पाट वाहायचा आणि इथं विहिरीला तळ दिसायचा.

आणि पाऊस काय दरवर्षी सारखा असतो? २०२३ मध्ये त्याने ओढ दिली, साखर कमी पडेल असं दिसलं आणि ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करणं थांबवलं. आठवडाभरात थोडी सूट दिली, पुढच्या हंगामासाठी बंदी उठलीही. पण कर्ज काढून ज्यांनी डिस्टिलरी उभी केली त्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल, विचार कर. आभाळाकडे बघून चालणाऱ्या इंधनावर सगळा भार टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

विजेच्या गाड्यांचंही नीट तपासून बघ. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली ती आपल्या शिरूरवरून, आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेवरची ‘शिवाई’ धावली. मी बसलोय तिच्यात. धूर नाही, खडखड नाही, फार बरं वाटलं. पण आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाची, आणि त्या वीजकेंद्रांनाही पाणी लागतंच. तिकडे जर्मनीत ज्याचं एवढं चाललंय तो हरित हायड्रोजनसुद्धा पाणी फोडूनच काढतात ना?

म्हणून बाळा, कुठलंही इंधन शिक, मोठ्या कंपनीत जा, माझी हरकत नाही. फक्त खर्चाचा आणि धुराचा हिशेब मांडशील तिथं पाण्याचाही एक रकाना ठेव. ते कुठल्या नदीचं, कुणाच्या वाट्याचं, हेही त्यात लिही. तिथले हुशार लोक कदाचित विचारणार नाहीत, त्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं. तू विचार. पाचट, चिपाड, मक्याची ताटं यांपासूनही इथेनॉल होतं. वेगळं पाणी न देता आलेला हा माल. त्यात तुझं डोकं चाललं तर दोन्ही तालुक्यांचं भलं होईल.

मामीने शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, तिकडे येणारं कुणी भेटलं की धाडतो. आणि एक काम कर. दाजी ऊस तुटला की अजून पाचट पेटवून देतात. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. या रविवारी त्यांना फोन कर.

तुझा,
मामा