उसनी कुऱ्हाड आणि भिक्षेची झोळी



साधकहो, अटन, विजन, भिक्षा, भोजन हा आपला नित्याचार होय. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला स्वदेश व आप्तसंबंध सोडून, परक्या मुलखात वृक्षातळी राहून, स्मरणात आयुष्य वेचण्याची आज्ञा केली. म्हणून निसर्गातील साधे जीवन हा विषय आपणांस नवा नाही. तथापि परदेशातील एका प्रसिद्ध ग्रंथातील प्रसंग आपल्या आचारावर चांगला प्रकाश टाकतो. तो दृष्टान्तादाखल घेऊ.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकर्ड नावाचे गाव आहे. तेथील हेन्री डेव्हिड थोरो हा विद्वान ४ जुलै १८४५ रोजी गावाबाहेरील वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी झोपडी त्याने बहुतांशी स्वहस्ते बांधली. तिला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, हा हिशेबही त्याने लिहून ठेवला. सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा पेरला. वर्षातून सहा आठवडे श्रम केले की निर्वाह भागतो, असा त्याला अनुभव आला. उरलेला काळ वाचन, भ्रमण आणि चिंतन यांत जाई. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनास निरूपिलेली गीताही तो इंग्रजीतून वाचीत असे. ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने ते स्थान सोडले. ‘वॉल्डन’ हा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला.

येथे पूर्वपक्ष असा की, जमीन इमर्सन या मित्राची, कुऱ्हाड उसनी, अधूनमधून गावात जाऊन जेवणे. मग हे स्वावलंबन कसले? उत्तर त्याच्याच ग्रंथात आहे. कुऱ्हाड उसनी आणल्याचे तो लपवीत नाही. मात्र ती परत केली तेव्हा आणतेवेळेपेक्षा अधिक धारदार होती, असे तो सांगतो.

हा दृष्टान्त झाला. आता दार्ष्टान्तिक पाहू. भिक्षान्न ही आपली उसनी कुऱ्हाड होय. वासनिकाच्या घरची भाकरी त्याच्या घामाची असते. ती घेण्यात उणेपणा नाही. परंतु ती खाऊन निद्रा, आळस व वादविवाद वाढविले, तर कुऱ्हाड बोथट करून परत केल्यासारखे होते. तिच्या बळावर स्मरण घडले, तरच धार लागली. स्वावलंबन म्हणजे कोणाचे काहीच न घेणे नव्हे. गरजेपुरते घेणे आणि घेतलेल्याचे सार्थक करणे होय.

थोरोच्या मेजावर चुनखडीचे तीन दगड होते. ते रोज पुसावे लागतात हे ध्यानी येताच त्याने ते खिडकीबाहेर फेकले. कोणत्याही वस्तूचे खरे मोल पैशात नसून तिच्यापायी खर्चिलेल्या आयुष्यात असते, हा त्याचा विचार. गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझी खोली गळू लागली. मी पेट्या, गाठोडी, घड्याळ, भेटीदाखल आलेली वस्त्रे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवीत राहिलो. पहाट झाली तेव्हा वस्तू कोरड्या होत्या; स्मरण मात्र एकदाही घडले नव्हते. वृक्षातळी बसणाऱ्याला ही राखण करावी लागली नसती. घर सोडून आलेल्या माझ्यासारख्याने पुन्हा घरच मांडले होते!

तथापि दृष्टान्त सर्वांशी लावू नये. तळे आणि वन हेही प्रपंचातच येतात. केवळ वनात राहिल्याने जीव मुक्त होत नाही. थोरोचा भर स्वतःच्या सामर्थ्यावर होता, आपला आधार परमेश्वर आहे. त्याने दोन वर्षांनी तळे सोडले. आपण घेतलेले व्रत मात्र देहान्तापर्यंतचे आहे. म्हणूनच त्याच्याहून आपला हिशेब अधिक चोख हवा.

तेव्हा भिक्षुकांनी झोळी उतरविताना आणि वासनिकांनी नवी वस्तू घरी आणताना स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हिच्यापायी माझे किती स्मरण जाईल?

दंडवत प्रणाम.