योसेफाची रात्र आणि व्हिसाची रांग



पवित्र कुटुंबाच्या सणाचे शुभवर्तमान (मत्तय 2:13-23) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवदूताचा निरोप येतो आणि योसेफ रात्रीच उठून बाळाला व त्याच्या आईला घेऊन इजिप्तची वाट धरतो. परका देश, परकी भाषा, ओळखीचे कोणी नाही. पोप बारावे पायस यांनी 1 ऑगस्ट 1952 रोजी स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात याच कुटुंबाला देश सोडाव्या लागणाऱ्या सर्व कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे.

आपल्याही घरांतून मुलेमुली दूर जात आहेत. कोणी शिकायला जातो, कोणी जहाजावर, कोणी नर्स म्हणून, आणि तिथे जोडीदार मिळतो तो युरोपातला. गोव्यातील अनेकांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे. त्यांच्याशी लग्न म्हणजेही कायद्याच्या दृष्टीने युरोपीय नागरिकाशीच लग्न. घरात आनंद असतो आणि धास्तीही. ‘लग्न झाले, आता जायचे कधी?’ असे शेजारी विचारतात, पण उत्तर सोपे नसते.

युरोपीय संघाने 29 एप्रिल 2004 रोजी एक निर्देश काढला. संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात कामाला गेला, तर त्याच्या पत्नीला किंवा पतीला सोबत राहण्याचा हक्क आहे. या व्हिसाला फी नाही. तिथे गेल्यावर अर्ज केला की सहा महिन्यांच्या आत निवासाचे कार्ड द्यावे लागते आणि सलग पाच वर्षे कायदेशीर राहिल्यावर कायमचा हक्क मिळतो. म्हणजे जर्मन नवरा भारतीय बायकोला घेऊन आयर्लंडमध्ये नोकरीला गेला, तर हा नियम लागू होतो. पण तोच नवरा तिला थेट जर्मनीत नेऊ लागला, तर तिथला स्वतःचा कायदा लागतो आणि साधारणपणे तिला आधी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. ब्रिटन तर 31 जानेवारी 2020 रोजी संघातून बाहेर पडला, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरू नयेत.

या सगळ्या कागदांमागे कायदा एकच प्रश्न विचारतो : हे लग्न खरे आहे, की केवळ कार्डासाठी? आम्हांला वाटते, हा प्रश्न ऐकून आपण रागावू नये. वेदीपुढे ख्रिस्तसभाही तेच विचारते : तुम्ही मोकळ्या मनाने, कोणाच्या दबावाशिवाय आलात का? अधिकारी फोटो आणि पत्रे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. अधिकाऱ्याला फसवता येईल. वेदीपुढे दिलेला खोटा शब्द मात्र रोज उशाशी घेऊन झोपावे लागते.

सुरिंदर सिंग या भारतीय माणसाची हकीकत येथे आठवते. 1982 साली त्याने ब्रिटिश नागरिक असलेल्या तरुणीशी लग्न केले. दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि 1985 च्या अखेरीस ती ब्रिटनला परतली. पुढे त्याच्या राहण्याच्या हक्काचा वाद युरोपच्या न्यायालयात गेला. 7 जुलै 1992 रोजी निकाल लागला : दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाचा जोडीदारही त्याच्यासोबत येऊ शकतो. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटेने पुढे अनेक जोडपी एकत्र आली. पण निकाल लागण्यापूर्वीच त्याचा स्वतःचा संसार मोडला होता. 1989 साली घटस्फोट पूर्ण झाला होता. त्या दोघांचा न्याय करणारे आपण कोण? एवढेच शिकू या की कायदा दार उघडतो, आतला दिवा आपणच तेवत ठेवायचा असतो.

मुलींनो, आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचे कार्ड नवऱ्याच्या हक्कावर उभे असले, तरी तुम्ही त्याची मालमत्ता होत नाही. घरात मारहाण होऊन संसार मोडला, तर पीडित पत्नीचा राहण्याचा हक्क टिकवण्याची सोय त्याच निर्देशात आहे. कार्ड जाईल या भीतीने कोणी मार खात बसू नये. घरी कळवा, तिथल्या चर्चमध्ये सांगा. लाज तुमची नाही.

आईवडिलांनो, मुलगी दूर गेली म्हणून देवाने पाठ फिरवली असे समजू नका. मारियेनेही लेकराला उराशी धरून परका देश पाहिला. फोनवर ‘पैसे कधी पाठवतेस?’ याआधी ‘मिस्साला जातेस ना? जेवलीस ना?’ असे विचारा. आणि परदेशी जावई अंगणात आला, तर त्याच्या चुकलेल्या मराठीला हसू नका. आपली मुलगी त्याच्या देशात अशीच चुकत बोलत असेल, तेव्हा तिला कोणी हसू नये असे आपल्याला वाटते ना?

ज्यांचे लग्न ठरले आहे त्यांनी एजंटाकडे धावण्याआधी धर्मगुरूंना भेटावे. जोडीदार दुसऱ्या पंथाचा किंवा धर्माचा असेल तर परवानगीला वेळ लागतो. चर्चच्या दाखल्याबरोबर लग्नाची सरकारी नोंदही वेळेवर करून घ्यावी.

या आठवड्यात रोजरीचा एक दशक व्हिसाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांसाठी म्हणू या. हे प्रभू येशू, तूही परदेशात वाढलास. आमच्या दूरच्या लेकरांना सत्याने राहण्याचे बळ दे आणि त्यांच्या घरात तुझी जागा कायम राहू दे. आमेन.